पाच भागांची गोष्ट

क्रांती चौक, मामीच्या घरून

माय,
तुझ्या पाया पडते.

मी बरी हाय. साडीच्या दुकानातलं काम निवांत असतं, जेवण टायमावर होतं. तुझे गुडघे कसे हायत? शेळी व्याली का?

फोनवर मला मोकळं बोलता येत नाय, म्हणून लिहिते. अजिनाथदादाकडून वाचून घे.

दुकानातल्या प्रेरणाताईनं दिलेली पाच भागांची गोष्ट मी चौथ्यांदा वाचायलेय. मामी म्हणती, "तेच तेच वाचून शेवट बदलणार हाय का?" गोष्टीत पुढच्या जमान्यातलं शहर हाय. तिथं माणसांच्या जोड्या यंत्र लावतं. लई जुलमी यंत्र हाय, पण तेबी पोरीला एकदा विचारतं. ती नाय म्हणती, म्हणून तर पाच भाग होतात.

आबानं तिकडं देवगावात माझी सुपारी फोडली, ते मला दादानं सांगितलं, तेबी पेढे वाटून झाल्यावर. नववीतून शाळा सोडवली तवाबी कुणी विचारलं नव्हतं, अन् मी गप बसले.

ह्या बारीला कुणी विचारलं नाय तरी सांगते. मला हे लगीन करायचं नाय. दादा, एवढं आबाला मोठ्यानं वाचून दाखव.

तुझीच,
अंबिका