काहून बे?

रविवार संध्याकाळ, ट्रॉय

अजून डोक्यातून जात नाही. काल साठ्यांच्या बेसमेंटमध्ये इथल्या आम्हा मराठी मंडळींनी एक जुनी फ्रेंच कॉमेडी पाहिली. खेडेगाव, बदकं, शिडीवरून धपाधप पडणारी माणसं. सबटायटल्स लागेनात, तर साठे म्हणाले, "मी मराठीत डब करतो!" आणि केलं. गावच्या मेयरला दिली स्वतःची शुद्ध पुणेरी. आणि तो बावळट गवळी, जो दर वेळी स्वतःच्याच बादलीत पाय घालतो, त्याच्या तोंडी काय? "काहून बे? काय करून राहिला बे?" वर माझ्याकडे बघून डोळा मारला. त्या खोलीत नागपूरचा मी एकटाच. सगळे खो खो हसले. मीही हसलो, तेच जास्त झोंबतंय.

"अहो, सोडा ना, गंमत होती," सुनंदा म्हणते. ती सांगलीची, तिला काय! मुलगी म्हणाली, "चिल, बाबा." काहून बे म्हणे! ‘का रे’ला माझी आई असंच म्हणायची. तिने कधी बादलीत पाय घातला नाही.

जेवणासाठी सिनेमा अर्ध्यात थांबवला. उरलेला पुढच्या शनिवारी आमच्याकडे. आज दुपारी मी एकट्याने तो शेवटपर्यंत पाहून टाकला. शेवटी मेयर शेणाच्या खड्ड्यात पडतो, टोपीसकट. आणि डबिंग यजमानच करणार, नाही का?

तेव्हापासून आरशासमोर प्रॅक्टिस चालू आहे. मेयर शेणातून डोकं वर काढेल आणि अस्सल साठ्यांच्या आवाजात म्हणेल, "आम्ही पडलो नाही. आम्ही पाहणीसाठी उतरलो आहोत."

मग काठावरचा गवळी वाकून, अगदी प्रेमाने विचारेल, "काहून बे?"