तुमची झाडं

आबा, माळावरची तुमची गिरिपुष्पाची झाडं आम्ही तोडली. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे उगाच इकडचं तिकडचं बोलत बसायला नको. आपली पारधी बोली मला लिहिता येत नाही, म्हणून शाळेतल्या मराठीत लिहितेय. माळ राखायचा हक्क आता आपल्या वस्तीला मिळालाय. समिती झाली आणि तिची अध्यक्ष मी. हसा खुशाल.

ही झाडं नुसती रोपं होती, तो उन्हाळा मला अजून दिसतो. आई वाशीच्या आठवडी बाजारातून तुमच्यासाठी भजी आणते, तुम्ही तिकडं बघतही नाही, खांद्यावर घागर घेऊन माळ चढता. वनखात्याच्या ज्या गार्डानं आपली पालं उठवली होती, त्यानंच तुम्हाला रोपं राखायला ठेवलं होतं. "आधी काठी उगारायचा, आता रामराम घालतोय," असं तुम्ही आईला दहादा सांगितलं असेल. एकदा माझी शेळी रोपांत शिरली तेव्हा केवढे ओरडलात. "शेरडं तिकडं न्हेऊ नगंस! लोक म्हणतील, पारध्याला राखाया दिलं अन् त्येनंच खाल्लं." त्या झाडांमुळं गावात तुमची मान वर झाली, हे मला तेव्हाही कळत होतं.

पण झाडं वाढली आणि त्यांच्या सावलीत पवन्या गवत उगवेना. बी गळाल्याशिवाय गवताला विळा लावू न देणारे तुम्हीच. आता गळायला बीच नव्हतं. तितर कधीचे निघून गेले. बैठकीत आत्या म्हणाली, "दादानं चांगल्या मनानं लावलं गं. पर माळ मरतोय. तू सांग काय करायचं." कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. मेलेल्या माणसानं लावलेल्या झाडाला पहिली कुऱ्हाड त्याच्या लेकरानं घालायची, ही आपली रीत. मी नको म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता, पुन्हा कुणी काढलाही नसता. मी म्हटलं, उद्या तोडू.

सकाळी मी पहिला घाव घातला. लाकूड मऊ निघालं. मग सगळेच भिडले. पुन्हा कोंब फुटू नयेत म्हणून बायकांनी टिकावानं बुंधे उपटले, खड्डे बुजवले आणि शेजारच्या माळावरून आणलेलं गवताचं बी टाकलं. ते उगवेल की नाही, सांगता येत नाही. माळ सध्या तरी नुसता उघडा पडलाय.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, तेव्हा एवढं लिहायला हरकत नाही. आत्यानं मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला वाटलं, मी रडू दाबतेय. तसं काही नव्हतं, आबा. मला भूक लागली होती.