पायाळूची पाठ

४ नोव्हेंबर १९८८, असोदा

शेजारची सुगंधाक्का सकाळीच ओट्यावर येऊन पालथी पडली — कमरेत लचक. आमचा चुडामण पायाळू, जन्मताना पाय आधी आले. अशाचा पाय लागला की लचक जाते म्हणतात, त्यामुळे गावातली प्रत्येक अडलेली पाठ आमच्याच दारात! "हळू लावजो रे, पयनारा पाय आहे तुहा," अक्का म्हणाली; पोरगा शर्यतीत पळतो ना. त्याने पाय लावला, ती चहा पिऊन गेली.

मग माझा नंबर. हा रोजचाच नेम. पेपरच्या कचेरीतल्या रात्रपाळीच्या खुर्चीने पाठ धरते. पोराचा पाय फिरला की उठता येतं.

९ नोव्हेंबर

जळगावला मैदानावर गेलो. त्याचे कोच धनसिंग सर भेटले. वर्षभर हेच सर सांगायचे — काय धावतो! डोक्यावर तांब्या ठेवा, थेंब सांडणार नाही. आम्हीही तेच मिरवलं.

आज त्यांनी मला कुंपणापाशी उभं करून दाखवलं. धावताना खांदे एकीकडे वळले की कंबर दुसरीकडे वळायला हवी. त्या पिळातून गुडघा वर येतो, ढांग लांब पडते. चुडामणचं धड फळीसारखं अख्खं पुढे जातं. ढांग तोकडी होत चाललीय.

"आपण जिला ऐट म्हणत होतो ना भाऊ, ती पाठ आखडलेली होती."

घरी चुडामणला विचारलं. सकाळी आखडते, पळालं की मोकळी होते, म्हणाला. म्हणून जास्त पळत होता!

१७ नोव्हेंबर

धुळे. डॉक्टरांनी त्याच्या कमरेवर पेनाने दोन खुणा केल्या आणि वाकायला सांगितलं. वाकलं की कातडी ताणून खुणा लांब जायला हव्यात. जवळजवळ हलल्याच नाहीत.

मणके एकमेकांना चिकटत चाललेत, म्हणाले. बरं होणारं नाही. व्यायामाने लांबवता येईल. आणि शर्यत? डॉक्टर टेप गुंडाळत राहिले. घरात कुणाला असा त्रास, त्यांनी विचारलं. नाही, म्हणालो.

एसटीत चुडामण खिडकीकडे तोंड करून बसला. नुसती मान नाही — सगळाच वळून.

१८ नोव्हेंबर

त्याच्या आईने स्पाइकचे बूट पुसून फडताळात ठेवले. त्याने पाहिलं.

२६ नोव्हेंबर

ज्यासाठी तो वर्षभर पळत होता, ती पुण्याची विद्यापीठ स्पर्धा आज. चुडामण दिवसभर केळीच्या बागेत होता. संध्याकाळी सुगंधाक्का आली. "पायाळूले पाय कोन लावीन मंग?" हसवायला म्हणाली, मग स्वतःच पदर तोंडाला लावला.

२७ नोव्हेंबर

सकाळी पाठ धरली. सवयीने पालथा पडून चुडामणला हाक मारली. त्याने कमरेवर पाय टेकवला आणि तसाच ठेवला.

"नाना, तुमची पाठ कवापासून धरते?"

तुझ्याएवढा होतो तेव्हापासून, म्हणालो. खुर्ची नंतर आली.