खिशात राहिलेलं टोपडं

छोटे,
मी आत्ताच ड्यूटीवरून आलेय, झोपते, उठवू नकोस. आमच्या वॉर्डातल्या तुझ्या पहिल्या दिवसाचं सामान टेबलावर काढलंय. बाळांचा छोटा स्टेथोस्कोप माझाच ने, पण लावण्याआधी मुठीत धरून गरम कर, नाहीतर पोरं दचकतात. घड्याळ मनगटावर नको, छातीशी पिनने लाव. अंगठी काढ. आणि नखं काप बाई, सांगून सांगून तोंड दुखलं माझं.

पिशवीत एक टोपडं आहे. चार नंबरच्या काचेच्या पेटीतलं बाळ आज सकाळी गेलं, त्या गडबडीत ते माझ्या खिशातच राहिलं. त्याच्या आईच्या हातात दे. माझ्याने तिच्यासमोर उभं राहवणार नाही. पहिल्याच दिवशी हे तुझ्या गळ्यात मारतेय, हवं तर रागव.

धुऊ मात्र नकोस. ती आधी वास घेईल.

ताई