हजेरीपटावर हजर

३ फेब्रुवारी, मंगळवार

खुर्ची रिकामी! नुसती रिकामी नाही, तिच्यावर पुठ्ठ्याची खोकी रचलेली.

औषधांच्या बाटल्या भरणाऱ्या त्या कंपनीत आज न कळवता गेले. आठ महिन्यांपूर्वी आमच्या संस्थेनं तिथं एक मुलगी लावून दिली. कुबड्यांवर चालते, पण नजर अशी की चालत्या पट्ट्यावरून तिरक्या लेबलाची बाटली अचूक उचलते. आम्ही तिला लेबलवालीच म्हणतो. म्हटलं, भेटून यावं. मॅनेजर — गोडबोल्या — चहा मागवतो, हवापाण्याचं विचारतो, मला दारातून आत जाऊ देत नाही. शेवटी मीच आत घुसले, तेव्हा बोलला. ती घरीच असते. तिसऱ्या आठवड्यापासून! हजेरी इथं लागते, पगार तिकडे जातो. "जिना आहे, बाथरूमची अडचण... कशाला त्रास तिला? घरबसल्या मिळतंय, खूश आहे ती."

हजेरी कोण लावतं? त्याचा कारकून. रोज, न चुकता. आठ महिन्यांत एक रजासुद्धा नाही. इतकी गुणी कामगार जगात सापडायची नाही!

अपंग कामगारांचा आकडा भरायला ह्यांना माणूस हवाय, त्याचं काम नको. डोक्यात तिडीक गेली. चहा तसाच ठेवून निघाले.

४ फेब्रुवारी

तिच्या घरी गेले. दारातच आई आडवी. हात जोडून म्हणाली, गाजावाजा करू नका, आहे तेही जाईल. भाऊ वर्षभर बिनकामाचा, घर हिच्या पगारावर. आईचंही काय चुकलं? पण मला तिचाही राग आला.

लेबलवाली आतल्या खोलीत खिडकीशी. घरातल्या प्रत्येक डब्यावरचं, बाटलीवरचं अक्षर न् अक्षर वाचून झालंय म्हणे. तेलाच्या डब्यावर तारीख छापायलाच विसरलेत, ते आईला दाखवलं तर आई म्हणाली, गप बस. मग मला हळूच म्हणाली, "रोज सकाळी वेणी घालून बसते, ताई. शेजारी विचारतात, आज सुट्टी का? किती दिवस सुट्टी सांगू?"

विचारलं, मग आम्हाला कळवलं का नाहीस? "कळवलं होतं," म्हणाली, आणि आईकडे बघू लागली. कुणाला, ते विचारायची गरजच नव्हती. नोकरीला लावलेल्यांना दर महिन्याला फोन करायचं काम आमच्याकडे एकाच बाईचं आहे.

५ फेब्रुवारी

खारूताईला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. (दिवसभर तुरुतुरु पळते म्हणून हे नाव — मीच ठेवलेलं.) आठ महिने फोनवर काय गप्पा छाटत होतीस? तक्रार पोटात ठेवलीस, वर मला अहवालात "समाधानकारक" लिहून दिलंस! ती म्हणाली, "ताई, ऐका तरी." नाही ऐकलं. आठ महिने त्या पोरीचं तरी कोणी ऐकलं? म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस. पाण्याची बाटली आणि स्वेटर उचलून गेली. रडली नाही, त्यानं मी आणखीच भडकले.

ह्यांचं म्हणणं, नऊ वर्षं तुझ्याबरोबर आहे, तिची बाजू विचारायला काय जात होतं? म्हटलं, तुम्ही पेपर वाचा.

६ फेब्रुवारी

खारूताई आली नाही. बरं झालं. फोन कोण करणार आता?

९ फेब्रुवारी, सोमवार

कंपनीच्या मालकासमोर बसून आले. सांगितलं, पुढच्या सोमवारपासून तिला खरं काम, तळमजल्यावर टेबल, धरायला दांडे असलेलं बाथरूम — नाहीतर मी कामगार खात्यात जाते. हजेरीपटाचा फोटो आहे माझ्याकडे, असंही ठोकून दिलं. नव्हता!

तो हसत हसत म्हणाला, "तुमची आणखी तीन माणसं आहेत इथं. त्यांचाही मग विचार करावा लागेल."

ती तिघं खरंच काम करतात, तिघांचे संसार आहेत. क्षणभर वाटलं, सोडून द्यावं. मग तोंडातून निघून गेलं, करा विचार, पण त्यांच्या जागी पट्ट्यावर कोण उभं राहणार तेही आजच ठरवा. बाहेर येऊन दहा मिनिटं पायरीवर बसून होते.

१२ फेब्रुवारी

मालकाचा फोन. सोमवारपासून पाठवा. तळमजल्यावरची अडगळीची खोली रिकामी करतायत. तिघांनाही धक्का नाही. जिंकले!!

लेबलवालीची आई माझा फोन उचलत नाही. नको उचलू.

१६ फेब्रुवारी, सोमवार

फाटकाशी उभी होते. रिक्षातून उतरली, कुबड्या सावरल्या, मागं न बघता आत गेली. दुपारपर्यंत अकरा बाटल्या बाजूला काढल्या. दोन लेबलं तर चक्क उलटी. गोडबोल्या स्वतः सांगायला आला — जणू त्यानंच तिला शोधून आणलंय! कानाखाली वाजवावीशी वाटली. पण चांगला दिवस होता.

१७ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत तिला भेटले. ऐटीत सांगितलं, तुझी तक्रार दाबणारीला घरी बसवलंय. घास तिच्या हातातच राहिला.

"त्यांनीच तर मला तुमच्याकडे आणलं होतं, ताई. डिसेंबरात संस्थेच्या कार्यक्रमात. मी स्टेजवर तुम्हाला सांगितलं, कामाला बोलावत नाहीत. तुम्ही म्हणालात, पगार येतोय ना? मग समोर बघ, हस."

मला आठवत नाही. फोटो मात्र आठवतोय. छान आला होता.