पावाच्या विरजणाचा चौविहार

प्रिय अमृत,

शहाद्याहून भीकमचंदचा तुला आणि वहिनींना जय जिनेंद्र. तुझा गुडघा आता काय म्हणतो? केळी कापणीला आली ना? फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर बोललो की आमची प्यारी स्वयंपाकघरातून सगळं ऐकते, आणि हे तिच्या कानावर जायला नको. सुकलालचा टेम्पो तुमच्या शेतात केळी भरायला निघालाय, त्याच्या हाती धाडतोय.

कापडाचं दुकान जिनेशच्या हाती दिल्यापासून मला घरात चैन नाही. (दुकानात गेलो की तो म्हणतो, पप्पा, तुम्ही आराम करा. आराम म्हणजे काय करायचं ते कोणी सांगत नाही.) गच्चीवर जातो, खाली येतो, बसतो, उठतो. अशात मोबाईलवर इटलीचा एक म्हातारा दिसला. माझंच वय, माझंच पोट. खेडवळ जाडजूड पाव घरी भाजत होता. वरून करपट-कडक, आत मऊ जाळी. आपल्या बाटीचा लांबचा चुलतभाऊच म्हण. म्हटलं, बाटीचा गॅस तंदूर घरात आहे, वेळ तर उतू चाललाय, भाजू आपणही.

त्या पावाला आधी विरजण लागतं. बरणीत पीठ-पाणी कालवायचं, रोज त्यातलं अर्धं फेकायचं, उरलेल्यात नवं पीठ-पाणी घालायचं. होता होता ते फसफसून बरणीच्या तोंडाशी आलं. मला इतका आनंद झाला की प्यारीला हाताला धरून आणलं आणि म्हटलं, "बघ, यात जीव आहे!"

अमृत, जैनाच्या घरात हे बोलायची काही गरज होती का? प्यारीने बरणीला हात जोडले आणि माझ्याशी अबोला धरला. आता अर्धं फेकायचं नाही, कारण हिंसा. भाजायचं नाही, कारण ती तर मोठीच हिंसा. (रात्रभर ठेवलेलं शिळं आमच्यात चालत नाही, ते मी तिला पाव फुगल्यावर गोडीत समजावणार होतो.) आणि उपाशी ठेवायचं नाही, कारण तीही हिंसा. राहिलं काय? पोसायचं! बरणीतून ते पातेल्यात गेलं, पातेल्यातून जिनेशच्या लग्नातल्या तपेल्यात. सूर्य मावळल्यावर आमच्याकडे कोणी अन्नपाणी घेत नाही, तो चौविहार प्यारीने विरजणालाही लावलाय. ऊन कललं की लगबगीने त्याला जेवू घालते. मी जेवलो का, हे मात्र कामवाल्या दगूबाईमार्फत विचारते. काल दगूबाई वैतागली. म्हणाली, "शेठ, तुमना भांडणमा मन्हं काम ऱ्हाई जास!"

चेष्टा सोड. लग्न झाल्यापासून ती इतकी गप्प कधी राहिली नव्हती. मला हे घर खायला उठतं. पाव गेला खड्ड्यात, ती बोलली पाहिजे.

तुझा बेचैन
भीकमचंद

ता. क. : खरं काम आता सांगतो. तपेलं सुकलालबरोबर येतंय. तू जैन नाहीस, तुला पाप लागणार नाही. (लागलंच तर अर्धं माझ्या नावावर.) तू ते गुपचूप भाजून टाक. प्यारीला मी सांगेन, अमृतकडे मजेत आहे. एक तुकडा मात्र केळीच्या पानात गुंडाळून मला पाठव. चव कळल्याशिवाय माझा जीव स्वस्थ बसणार नाही.

आणखी एक ता. क. : तपेलं येत नाही. सुकलालने उचललं तशी प्यारी दारात आडवी आली आणि दगूबाई समोर असूनही तिने थेट मला विचारलं, कुठे नेता? म्हटलं, अमृतकडे. तर म्हणाली, त्यांच्याकडे रात्रीचं जेवतात, याची सवय बिघडेल. मग मला शेजारी बसवून पीठ चाळायला लावलं आणि एकीकडे एवढ्या दिवसांचं साठलेलं सगळं बोलून घेतलं. निम्म्या शिव्याच होत्या, पण फार बरं वाटलं रे. तेव्हा तू आता याला पोसायला गव्हाचं एक पोतं पाठव. आणि हे पत्र वाचून लगेच चुलीत घाल. वरचा ता. क. तिच्या हाती लागला, तर पुन्हा अबोला, आणि पुन्हा मधे दगूबाई.