पूजेत मांडलेला लॅपटॉप

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मु. पो. सास्तूर,
दसरा, दुपारचं जेवण उरकून

तामलवाडीचे आमचे व्याही वीरप्पा यांच्या चरणी (चरणी हा शब्द रिवाजाचा आहे, फार मनावर घेऊ नये) सास्तूरच्या महांतप्पाचे शरणु शरणार्थ. इकडं सगळे खुशाल आहेत. तुमचा गुडघा काय म्हणतो? विहीणबाई भुवनेश्वरी यांची शुगर उतरली का? तुमची म्हैस पुन्हा दुधाला आली असं कळलं, समाधान वाटलं. फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. तर फोनवर सगळं तुम्हीच बोलता. काल संध्याकाळी मी नुसतं 'हॅलो' म्हणालो आणि त्यानंतर तुम्ही जे सुटलात ते फोन कट करूनच थांबलात. पत्रात ती सोय नाही. नंदीश तुम्हाला सोनं द्यायला मोटारसायकलवर निघालाय, त्याच्या खिशात हे घालून देतोय. आधी पत्र वाचावं, मग जावयाला काय बोलायचं ते बोलावं, आणि बोलायच्या आधी त्याला पाणी तरी द्यावं.

शांताक्कानं तुम्हाला काय सांगितलं ते मला ठाऊक आहे, कारण ती आमच्याच ओट्यावर उभी राहून सांगत होती. (ती तुमची चुलतबहीण आणि आमची शेजारीण. असा योग जुळवताना देवाच्या मनात काय होतं ते त्यालाच माहीत.) 'सासऱ्यानं सुनंचा लॅपटॉप बुडवला, पोरीची नोकरी गेली.' यातलं पहिलं अर्धंच खरं आहे आणि दुसरं साफ खोटं. पण तुम्ही लगेच जीप बाहेर काढली असणार. लग्न ठरलं त्या कुंकवाच्या दिवशी चारचौघांत, स्वामींच्या समोर तुम्ही बोललाच होता की ज्या दिवशी शुभांगीची नोकरी सुटेल त्या दिवशी माझी जीप तुमच्या दारात, पोरगी मी घेऊन जाणार. आणि मीही म्हणालो होतो की तशी वेळ आली तर मीच तिला जीपमध्ये बसवीन. जेवण चांगलं झालं की माणूस काहीही कबूल करतो. नंदीशला आणि शुभांगीला त्या वेळी कुणी विचारलंही नव्हतं. पण शब्द तो शब्द. तेव्हा तो पाळायची वेळ येता येता कशी टळली, ते नीट ऐका.

शुभांगी पुण्याच्या कंपनीचं काम आमच्या मधल्या खोलीत बसून करते हे तुम्हाला माहीत आहे. तिच्याबरोबरच्या बाकीच्यांना कंपनीनं केव्हाच पुण्याला बोलावून घेतलं. हिची परवानगी तेवढी शाबूत आहे, आणि तिची वरची साहेबीण ती काढून घ्यायला निमित्तच शोधत असते. आता हा लॅपटॉप काय प्रकरण आहे ते सांगतो. घर आमचं, वीज आमची, त्याच्यावरची धूळसुद्धा आमचीच, पण मालकी कंपनीची. नुसती मालकी नाही, ताबाही. बेंगळुरूला बसलेला माणूस तिथून याला कुलूप घालू शकतो, उघडू शकतो. ढोकीच्या बाजूला उसाचं असतं तसंच की, रान आपलं, ऊस आपला, पण तोडणी कधी ते कारखाना सांगणार. तर कंपनीनं हुकूम काढला की सगळ्यांनी आपापला लॅपटॉप आतून साफ कोरा करायचा आणि नव्यानं कंपनीत त्याची नोंद करायची. मुदत दसऱ्याच्या सकाळपर्यंत. (दसरा म्हणजे काय हे त्यांना माहीत नसावं किंवा चांगलंच माहीत असावं.) ज्याची नोंद होणार नाही त्याला घरून काम बंद, त्यानं पुण्याला येऊन बसायचं. पुणं आणि सास्तूर, दोन्हीकडं एकदम संसार कसा करायचा हे हुकुमात लिहिलेलं नव्हतं. शुभांगीनं सांगितलं होतं की पुण्याला जायची वेळ आली तर ती नोकरी सोडेल, नवऱ्याला दुकानात एकटं टाकून जाणार नाही. म्हणजे बघा, नोंद चुकली की नोकरी गेली, नोकरी गेली की तुमची जीप आली.

काल खंडेनवमी. सकाळी शुभांगीनं तिचं काम वर कुठंतरी कंपनीच्या कोठारात ठेवून दिलं आणि लॅपटॉप कोरा करायला लावला. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. ती मला म्हणाली, "आप्पा, ह्याला तासभर कुणी हात लावू नका, वायर काढू नका," आणि पुरण वाटायला आत गेली. हे मी ऐकलं होतं. नाकबूल करत नाही. पण तिकडं आमची मंडळी जगदेवी देवघरापुढं अवजारं मांडत होती, आणि नवमीच्या दिवशी आमच्या घरात जगदेवीचा शब्द स्वामींच्याही वर चालतो. दुकानाचा तराजू झाला, वजनं झाली, विळे, खुरपी, फवारणीचा पंप, नंदीशचे पाने, तिचं स्वतःचं शिलाई मशीन झालं. मग ती म्हणाली, "समद्यांची हत्यारं आली, सुनंचं कुठंय? तिनं काय पाप केलंय?" मला ते पटलं. तुम्हीच सांगा, न आणला असता तर उद्या तुम्हीच म्हणाला असता की आमच्या पोरीला परकी धरता. चष्मा दुकानात राहिलेला. गोल फिरतोय म्हणजे यंत्र रिकामं फिरतंय असं मी समजलो, मोटार पाण्याविना फिरते तसं, आणि चांगल्या मनानं वायर काढली. झाकण मिटून तराजू आणि पंपाच्या मधोमध चौरंगावर ठेवला. जगदेवी म्हणाली झाकून काय पूजा करायची, म्हणून पुन्हा उघडला. तिनं वरच्या कडेला विभूतीची तीन बोटं ओढली, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, बेलाचं पान ठेवलं. खरं सांगतो, शोभत होता.

तासाभरानं शुभांगी बाहेर आली आणि तिनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून आम्ही दोघं आणि शांताक्का (ही गूळ मागायला आलेली, नेमकी) थेट अंगणात. आमच्या गावाचं तुम्हाला माहीत आहे, भूकंप झाल्यापासून कुणी एकदम ओरडलं की माणसं आधी घराबाहेर येतात आणि मग काय झालं विचारतात. जमीन हलत नाही हे बघून आत आलो, तर पोरगी चौरंगापुढं मटकन बसलेली. बॅटरी संपून पडदा काळा पडला होता. अर्धवट कोरा झालेला लॅपटॉप म्हणजे अर्धवट भादरलेलं डोकं, ना जुनं ना नवं. तिनं उचलायला हात घातला तर जगदेवी आडवी. पूजेत मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही, हा तिच्या माहेरचा दंडक आहे, आणि तो आजवर कुणी मोडलेला नाही. एका वर्षी आमचे शेजारी पाठ दुखते म्हणून कुदळ मागायला आले तरी दिली नव्हती. (पाठीचा आणि कुदळीचा संबंध काय, ते अजून कळलेलं नाही.) शुभांगी म्हणाली, "आई, उद्या सकाळी मुदत संपते." जगदेवी म्हणाली, "मंग कंपनीला सांग उद्या दसरा हाय." अशा वेळी मी देवाचं नाव घेतो. नंदीशनं मला खुणेनं सुचवलं की आई स्वयंपाकघरात गेली की उचलू, तर ती माऊली जपमाळ घेऊन चौरंगापुढंच बसली. याच सुमाराला शांताक्का गूळ विसरून फोन काढून ओट्यावर गेली.

शेवटी शुभांगीनं बेंगळुरूला फोन लावला. पलीकडं सिद्धलिंग नावाचा माणूस. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून तिनं स्पीकर लावला. तो इंग्रजीत म्हणाला, घाबरायचं कारण नाही, अर्धवट राहिलं तरी पुन्हा पहिल्यापासून करता येतं, पण तुमच्या लॅपटॉपचं जुनं नाव आमच्याकडून आधी काढावं लागेल, ते असेपर्यंत नवी नोंद बसतच नाही. ते मी काढतो, तुम्ही तेवढी वायर जोडा. वायर जोडायची तर लॅपटॉप मधल्या खोलीत न्यायला हवा, आणि तो का हलवता येत नाही हे त्याला इंग्रजीत सांगताना आपल्या पोरीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेवढ्यात जगदेवीनं नाव ऐकलं आणि फोन हातातून काढून घेतला. "निम्दु याव ऊरप्पा?" तुझं गाव कुठलं बाबा, इथपासून सुरुवात. आळंदकडचा निघाला, सणासाठी घरीच आलेला. मग घराणं, मठ, आईचं माहेर, लग्न झालंय का, का नाही झालं. कंपनीचा माणूस कंपनीच्या वेळात आपल्या मावशीचं आडनाव सांगत होता आणि शुभांगी कपाळाला हात लावून बसली होती. पण त्यातनंच वाट निघाली. त्याच्या आईनंही त्याचा लॅपटॉप सकाळीच पूजेत मांडला होता. बिचारा मित्राच्या लॅपटॉपवर ड्यूटी करत होता. जगदेवीनं विचारलं, मग तुमच्याकडं चालू यंत्राचं काय करतात? तो म्हणाला, वडिलांची पिठाची गिरणी आहे, ती चालू ठेवूनच पूजतात, जागची हलत नाही ना. हे ऐकून जगदेवीला तिच्या आजोबांचा तेलघाणा आठवला. तो म्हणे नवमीला फिरतच असायचा, बैलाला आणि घाण्याला एकदमच कुंकू. झालं. निकाल लागला. हत्यार हलवायचं नाही, चालवायला हरकत नाही. वायरीनं लॅपटॉपपाशी यायचं.

आता देवघराला वीज जोडायची जागा नाही, आणि घरातली लांब वायर देवीच्या मांडवात दिलेली. ती आणायला मला पिटाळलं. तिथं दुपारची आरती रंगात आलेली. मी हळूच मागनं गेलो आणि वायर ओढली, तशी सगळी रोषणाई गेली, स्पीकर गेला, आणि आरती म्हणणाऱ्यांचे खरे आवाज पहिल्यांदाच गावाला ऐकू आले. मंडळाच्या पोरांनी विचारलं, काका हे काय. मी म्हणालो सुनेच्या नोकरीचा प्रश्न आहे, देवी समजून घेईल. देवीनं समजून घेतलं, पोरांनी अजून घेतलेलं नाही.

मग दिवस मावळेपर्यंत आमचं देवघर म्हणजे कंपनीची शाखा झालं होतं. शुभांगी पाटावर, समोर लॅपटॉप, त्याच्यापुढं समई. सिद्धलिंगनं तिकडं जुनं नाव काढलं, इकडं पुन्हा गोल फिरायला लागला. या वेळी मी दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा होतो. कोरा झाला. मग नोंदीसाठी तिचा चेहरा ओळखायचा होता तर यंत्राला काहीच दिसेना, कारण त्याच्या डोळ्यावर विभूती. सगळे जगदेवीकडं बघायला लागलो. ती उठली, पदराच्या टोकानं तेवढाच डोळा स्वच्छ केला आणि आजूबाजूची विभूती होती तशी ठेवली. तरी यंत्र रुसलेलंच. सिद्धलिंग म्हणाला मागं आणखी एक चेहरा दिसतोय, तो कुणाचा आहे. तो माझा होता. मला अंगणात काढण्यात आलं. तिथं शांताक्का तुम्हाला फोनवर पुढची बातमी देत होती आणि मी आतून शुभांगीचा हसण्याचा आवाज ऐकला. नोंद झाली होती. मी खांबाला टेकलो. सुपारी खायचीही आठवण राहिली नाही.

आज सकाळी मुदतीच्या आत ती कामावर हजर झाली, तीही देवघरातूनच, कारण उत्तरपूजा व्हायची होती. कंपनीच्या मीटिंगमध्ये मागं समई आणि झेंडूची आरास बघून साहेबिणीनं विचारलं, हे चित्र कुठून मिळवलंस, फार छान आहे. शुभांगीनं थँक्यू म्हटलं. परवानगी शाबूत आहे, नोकरी शाबूत आहे, माझा शब्दही. जीप तुमच्या दारात राहू द्या, फार तर धुऊन तिचीही पूजा करा.

लेकरांना आशीर्वाद, विहीणबाईंना शरणार्थ, म्हशीला गोंजारणं. कळावे, लोभ आहेच, तो काल फोनवर जाणवला नाही एवढंच.

तुमचा,
महांतप्पा

ता. क. जगदेवीनं सिद्धलिंगसाठी तुमच्या धाकट्या पुतणीचं, वैष्णवीचं नाव परस्पर सुचवून टाकलं आहे. त्याची आई फोन करील. तेव्हा कंपनीला शिव्या देऊ नका.

दुसरा ता. क. पत्र लिहायचं खरं कारण आता सांगतो, वर उगाच लांबण लागली. शुभांगीचं नाव अजून तुमच्याच रेशन कार्डावर आहे. लग्नाला तीन वर्षं झाली, दर वेळी तुम्ही म्हणता साहेब रजेवर आहेत. एकही साहेब एवढी रजा घेत नाही, वीरप्पा. काल त्या पोरानं सांगितलं ते मी नीट ऐकलं, जुन्या जागेवरून नाव काढल्याशिवाय नव्या जागी नोंद बसत नाही. तुम्ही नाव का काढत नाही तेही मला कळतं. मलाही एक लेक द्यावी लागली असती तर मीही साहेबाला रजेवरच ठेवलं असतं. तरी पण आता नाव कमी केल्याचा दाखला नंदीशच्या हाती द्यावा, ही हात जोडून विनंती.

तिसरा ता. क. पाकीट बंद करायच्या आधी शुभांगीनं हे वाचलं. म्हणाली, "आप्पा, दुसरा ता. क. खोडा. नाव तिकडंच असू द्या. आपल्या घरी मला कुणी काय बोललं तर जायाला एक दार पायजे, आन् तुमाला भ्यायला एक माणूस पायजे." खोडाखोड केलेलं पत्र व्याह्यांना पाठवणं बरं दिसत नाही म्हणून तसंच ठेवलंय, तुम्ही तो वाचला नाही असं समजा. दाखल्याची आता घाई नाही. 'आपल्या घरी' असं ती सास्तूरच्या घराला म्हणाली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून हे लिहिणार नव्हतो, पण मला लई बरं वाटलं म्हणून लिहिलं.